कुलूप काढण्याआधी

1. परत चालू केलं की नीट कसं चालतं?

कम्प्युटर मध्येच अडकतो. माणूस वैतागून तो बंद करतो, परत चालू करतो आणि तेच काम आता विनातक्रार पार पडतं. मग मघाशी बिघडलं होतं काय? हा प्रश्न जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला असतो. प्रोग्रॅम तोच, माहिती तीच, यंत्रही तेच. दोन अधिक दोन मघाशी पाच आणि आता चार, असं कसं होईल?

असं होण्याची कारणं अनेक आहेत. त्यातलं सगळ्यात चकवा देणारं कारण समजायला एका किराणा दुकानात जाऊ. गल्ल्यावर बाप आणि मुलगा दोघं बसलेत, उधारीची वही एकच. एका काकूंच्या नावावर 500 रुपये बाकी आहेत. काकूंचा मुलगा येऊन 200 रुपयांचं सामान उधार नेतो. त्याच वेळी काकूंचे यजमान दुसऱ्या टोकाला 100 रुपये जमा करतात. बाप वहीत 500 बघतो आणि मनात 700 करतो. दुकानदाराचा मुलगाही वहीत 500 बघतो आणि मनात 400 करतो. बाप 700 लिहितो. क्षणभराने मुलगा ते खोडून 400 लिहितो. खरी बाकी 600. वहीत 400. दोघांचंही गणित बरोबर होतं आणि दोघांपैकी कुणीही लबाडी केली नाही.

यालाच प्रोग्रॅमर रेस कंडिशन म्हणतात. निकाल कोण आधी पोचलं यावर ठरतो, आणि तो क्रम दर वेळी वेगळा असू शकतो. म्हणून तर परत चालू केलं की सगळं ठीक दिसतं.

उपाय सोपा वाटतो: वही एका वेळी एकाच्याच हातात. हीच लॉकची, म्हणजे कुलपाची कल्पना. डच शास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी 1960च्या दशकात या कामासाठी जे साधन मांडलं त्याला त्यांनी सेमाफोर हे रेल्वेच्या सिग्नलचं नाव दिलं. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही याची खात्री असल्याखेरीज आपली गाडी सोडायची नाही, तोच हा हिशेब. एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. वही हातात घेतल्याशिवाय लिहायचं नाही एवढं पुरत नाही. आकडा वाचायचा तोही वही हातात घेऊनच. बाप-लेकांनी लिहिताना वही आळीपाळीने घेतलीच होती. चूक वाचताना झाली.

2. एका फाइलीत अख्खी डिस्क

आता दुकानातून मोठ्या खोलीत जाऊ. सर्व्हरच्या एका यंत्रावर एकाच वेळी अनेक 'आभासी' कम्प्युटर चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आत चालणाऱ्या विंडोज किंवा लिनक्सला वाटतं की आपल्याला स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती डिस्क म्हणजे बाहेरच्या यंत्रावरची बहुधा एक मोठी फाइल असते.

हा देखावा उभा करणारा एक मोठा मुक्त प्रोग्रॅम म्हणजे क्यूएमू. फाब्रिस बेलार यांनी तो 2003 साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.20 या आवृत्तीत केव्हीएम ही सोय आली आणि आतल्या, म्हणजे 'पाहुण्या', यंत्राच्या सूचना थेट प्रोसेसरवर धावू लागल्या. पण डिस्कचा कारभार, म्हणजे मागणी घेणं, फाइलीत योग्य जागी लिहिणं, पोच देणं, हे काम बहुतेक ठिकाणी क्यूएमूकडेच राहिलं.

क्यूएमूचा डिस्क-फाइलीचा नेहमीचा नमुना क्यूकाऊ2. त्यात जागेचे 64 केबीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना क्लस्टर म्हणतात. 100 जीबीच्या डिस्कमध्ये असे 16,38,400 क्लस्टर होतात. प्रत्येक क्लस्टरसमोर एक छोटा आकडा लिहिलेला असतो. 0 म्हणजे जागा मोकळी, 1 म्हणजे एकाच्या ताब्यात, 2 किंवा जास्त म्हणजे जुन्या स्नॅपशॉटबरोबर (डिस्कच्या आधी टिपून ठेवलेल्या स्थितीबरोबर) वाटून घेतलेली. याखेरीज एक नकाशा असतो: पाहुण्याच्या डिस्कवरची अमुक जागा या फाइलीत तमुक क्लस्टरमध्ये आहे. थोडक्यात, ही प्रचंड मोठी उधारीची वहीच आहे आणि तिच्यावर सेकंदाला हजारो नोंदी होऊ शकतात.

पाहुण्याने दोन नव्या फाइली एकाच वेळी लिहायला घेतल्या असं समजा. एक लग्नाचा फोटो, एक हिशेबाचा तक्ता. पहिली मागणी पाहते: 500 क्रमांकाचा क्लस्टर 0, मोकळा आहे. ती नोंद करणार, तेवढ्यात दुसरी मागणी पाहते: 500 अजून 0 आहे. दोघी तो घेतात, दोघी समोर 1 लिहितात, दोघींना 'लिहून झालं' अशी पोच मिळते. कुठेही त्रुटीचा संदेश नाही. चार महिन्यांनी कुणीतरी फोटो उघडतं आणि अर्ध्यावरून पुढे राखाडी पट्टे दिसतात.

म्हणून डिस्कच्या कोडमध्ये कुलपांना हात लावणारा बदल आला की तपासणारे लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. पडद्यावरचा बिघाड परत चालू करून जातो. डिस्कवर चुकीचं लिहिलं गेलं तर परत चालू केल्यावर तेच चुकीचं वाचलं जातं.

3. सगळ्या घराला एकच किल्ली

सुरुवातीला बहुतेक मोठे प्रोग्रॅम सोपा रस्ता धरतात: सगळ्यासाठी एकच मोठं कुलूप. लिनक्समध्ये 1996च्या 2.0 आवृत्तीत असं 'बिग कर्नल लॉक' आलं. ते पूर्णपणे निघायला 2011 उजाडलं, म्हणजे कुलूप लावायला एक आवृत्ती आणि काढायला 15 वर्षं. क्यूएमूमध्येही असं मोठं कुलूप आहे. पाहुण्याच्या सूचना प्रोसेसरवर धावत असताना ते सोडलेलं असतं. एखाद्या नकली उपकरणाशी बोलायची वेळ आली की ते घ्यावं लागतं.

यात सुरक्षितता आहे, पण रांगही आहे. डिस्क वेगवान झाल्या तशी ही रांग खुपू लागली. 2013 पासून डिस्कच्या मागण्या वेगळ्या थ्रेडवर नेण्याची सोय क्यूएमूत सुरू झाली. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे काम करणारा एक हात. पुढे अशा प्रत्येक हाताच्या कार्यक्षेत्राला स्वतःचं कुलूप मिळालं. त्याचं नाव एआयओ-कॉन्टेक्स्ट लॉक, आणि या प्रकरणाचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तोच.

मोठ्या कुलपाची खरी अडचण वेगापेक्षा वेगळीच आहे. ते नेमकं कशाची राखण करतं हे कुठेही लिहिलेलं नसतं. दहा वर्षं घराच्या बाहेरच्या दाराला कुलूप असलं की आतल्या कपाटांना कुणी कुलपं लावत नाही, आणि कुठल्या कपाटात दागिने आहेत हेही हळूहळू विसरलं जातं. एक दिवस बाहेरचं कुलूप काढायचं ठरलं की आधी अख्खं घर धुंडाळावं लागतं.

4. पाटा हिच्याकडे, वरवंटा तिच्याकडे

मग लहान लहान कुलपं भरपूर लावावीत? तिथे दुसरा धोका उभा राहतो. एका घरात दोन जावा वाटण करायला निघाल्या. थोरलीने पाटा घेतला, धाकटीने वरवंटा. थोरली म्हणते, वरवंटा मिळाला की वाटते आणि मग पाटा देते. धाकटी म्हणते, पाटा मिळाला की वाटते आणि मग वरवंटा देते. चटणी काही होत नाही. याला डेडलॉक म्हणतात. नियम साधा आहे: पाटा आधी, वरवंटा नंतर, हा क्रम घरात सगळ्यांनी पाळायचा. लिनक्समध्ये 2006 साली इंगो मोलनार यांच्या लॉकडेप या साधनाने याची पहारेदारी सुरू केली. आज कुणी पाटा-वरवंटा आणि उद्या कुणी वरवंटा-पाटा असा क्रम घेतला, तर प्रत्यक्ष अडकाअडकी झाली नसली तरी ते लगेच ओरडतं.

क्यूएमूच्या एआयओ-कॉन्टेक्स्ट लॉकमध्ये डेडलॉकची एक वेगळीच तऱ्हा होती आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. हे कुलूप एकाच थ्रेडने दोनदा लावलं तरी चालत असे. आतमध्ये फक्त मोजणी ठेवली जाई, दोनदा लावलं तर दोनदा काढायचं. आता मुख्य थ्रेडला डिस्कच्या थ्रेडचं काम पुरं होईपर्यंत थांबायचं आहे. थांबताना त्याने कुलूप सोडलं पाहिजे, कारण डिस्कच्या थ्रेडला काम संपवायला तेच कुलूप लागतं. त्यासाठी असलेली थांबण्याची सोय कुलूप एकदाच उघडायची.

दाराला दोन कड्या लावून बसलेल्या माणसासारखी ही गत. गवंडी यायचा म्हणून त्याने एक कडी काढली आणि आत वाट बघत बसला. दुसरी कडी तशीच आहे. गवंडी बाहेर उभा, मालक आत उभा.

अशी दुसरी कडी लावणारा बदल तपासणाऱ्याला समोर काय दिसतं? एका फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र तुकड्यात, नव्याने दोन ओळी आल्यात: सुरुवातीला कुलूप लावा, शेवटी काढा. त्या फंक्शनपुरतं सगळं निर्दोष आहे. चूक तीन मजले वर आहे, जिथून हे फंक्शन बोलावलं जातं तिथे कुलूप आधीच लावलेलं आहे. बदललेल्या ओळी कितीही वेळा वाचल्या तरी ती सापडणार नाही. ज्या ओळी बदललेल्या नाहीत त्यांच्यात ती आहे. म्हणून चांगला रिव्ह्यूअर, म्हणजे तपासणारा, समोरचा पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, बाजूला ठेवतो आणि या फंक्शनला कोण कोण हाक मारतं याची यादी करायला घेतो. यात अर्धा दिवस गेला तर तो वाया गेला असं कुणी समजू नये. तपासणीचं खरं काम हेच.

5. मध्येच थांबणारे हात

क्यूएमूच्या डिस्क-कोडमध्ये एका थ्रेडवरही अनेक मागण्या आलटून-पालटून चालतात. त्यासाठी को-रूटीन नावाची युक्ती वापरतात. को-रूटीन म्हणजे असं काम, जे स्वतःहून 'मी इथे थांबतो, तोवर दुसऱ्याला घ्या' म्हणू शकतं. एकाच शेगडीवर स्वयंपाक करणारी बाई भात शिजेपर्यंत कणीक मळते, तसंच. हात एकच, कामं चार.

यात एक दिलासा आहे. को-रूटीन स्वतः थांबत नाही तोवर त्या थ्रेडवर दुसरं कुणी मध्ये घुसत नाही. त्यामुळे प्रोग्रॅमर नकळत गृहीत धरतो की लागोपाठच्या दोन ओळींमध्ये जग बदलत नाही. जागा मोकळी आहे का पाहिलं, लगेच घेतली, कुलूप कशाला?

आणि मग एक दिवस त्या दोन ओळींच्या मधलं फंक्शन बदलतं. पूर्वी ते नोंद मेमरीतून वाचायचं. आता ती मेमरीत नसेल तर डिस्कवरून आणतं, आणि आणताना थांबतं. वरची ओळ तीच, खालची ओळ तीच. मधल्या खिंडीतून मात्र आता दुसरी मागणी आत शिरू शकते आणि 500 क्रमांकाचा क्लस्टर दोघींच्या ताब्यात जातो.

म्हणून क्यूएमूत जी फंक्शनं थांबू शकतात त्यांच्यावर तशी खूण करण्याची पद्धत आहे. क्यूकाऊ2च्या नोंदवहीलाही स्वतःचं कुलूप आहे, आणि ते खास को-रूटीनसाठी बनवलेलं आहे: वाट पाहणारी मागणी झोपी जाते, पण थ्रेड मोकळा राहून बाकीची कामं उरकतो. तपासणारा अशा पॅचवर पेन्सिलने, किंवा मनातल्या मनात, थांबण्याच्या जागी आडव्या रेघा मारत जातो. रेघेच्या वर पाहिलेली कुठली गोष्ट रेघेच्या खाली खरी धरली आहे? ती कुलपाखाली नसेल तर परत पाहायला हवी.

क्रमाचंही एक पथ्य आहे. नवा क्लस्टर घेताना आधी त्याच्यासमोर 1 लिहायचं आणि ते डिस्कवर पोचल्यावरच नकाशात त्याची नोंद करायची. मध्येच वीज गेली तर एक क्लस्टर कुणाच्याच नावावर नसताना अडकून राहतो, 64 केबी वाया जातात. उलट क्रमाने केलं तर नकाशा त्या क्लस्टरकडे बोट दाखवतो आणि वही म्हणते तो मोकळा आहे. पुढचा येतो आणि त्यावर लिहून टाकतो. क्यूकाऊ2 फाइल तपासण्याचं जे साधन क्यूएमूबरोबर मिळतं, ते या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतं. पहिली गळती, दुसरी नासाडी. कुठल्याही बदलाने हा क्रम उलटत नाही ना, हे पाहणं रिव्ह्यूअरच्या यादीत वरच्या ओळीत असतं.

6. चाचणी तर पास झाली!

इतकं वाचत कशाला बसायचं, चालवून बघावं, असं कुणालाही वाटेल. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टारिओत सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. कारणं अनेक होती, पण एक कळीचं होतं: ओहायोतल्या एका नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणक प्रणाली दुपारी सव्वादोनच्या सुमारास गप्प झाली आणि ती गप्प झाल्याचं बराच वेळ कुणालाच कळलं नाही. नंतरच्या तपासात तिच्या कोडमध्ये रेस कंडिशन सापडली. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीवर लिहायला गेल्या होत्या. ती प्रणाली त्याआधी ठिकठिकाणी मिळून 30 लाख तासांहून जास्त चाललेली होती आणि तो योग कधी आलाच नव्हता.

काळाची ही खिंड कधी कधी सेकंदाच्या कोट्यवधी भागांपैकी एका भागाएवढी असते. चाचणीच्या यंत्रावर ती उघडत नाही, ग्राहकाच्या यंत्रावर ऐन गर्दीच्या दिवशी उघडते. शिवाय प्रोसेसरही आपापल्या सवयीचे असतात. 'ताट वाढलं' आणि 'जेवायला चला' अशा दोन नोंदी एका हाताने या क्रमाने केल्या, तरी एआरएम प्रोसेसरवर दुसऱ्या हाताला त्या उलट क्रमाने दिसू शकतात, म्हणजे पाहुणा पानावर येऊन बसतो आणि ताट रिकामं. इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरवर या दोन नोंदींचा क्रम टिकतो. तिथे वर्षानुवर्षं बिनघोर चाललेला कोड एआरएमवर नेला की कोसळतो, तो अनेकदा अशा कारणाने. क्रम पक्का करण्याच्या खास सूचना असतात. त्या जिथे हव्या तिथे आहेत का, हे वाचूनच कळतं.

साधनं मदत करतात, आणि ती वापरलीच पाहिजेत. क्यूएमूच्या लोकांनी क्लँग या कम्पायलरची, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमची, एक सोय उपयोगात आणली आहे. फंक्शनवर चिठ्ठी लावायची, 'मला बोलावण्याआधी अमुक कुलूप घेतलेलं असलं पाहिजे'. ते न घेता कुणी बोलावलं तर कम्पायलर तिथेच अडवतो. वर्षानुवर्षं लोकांच्या डोक्यात राहिलेला नियम अशा रीतीने कोडमध्ये उतरतो. तरीही कोणती चिठ्ठी कुठे लावायची हे माणसालाच ठरवावं लागतं.

7. रविवारचा मेगाब्लॉक

मुंबईकराला रविवारचा मेगाब्लॉक समजावून सांगावा लागत नाही. नव्या गाड्या त्या मार्गावर सोडणं थांबतं, आत असलेल्या गाड्या बाहेर पडतात, मग माणसं रुळांवर उतरतात, काम होतं आणि मार्ग पुन्हा खुला होतो.

क्यूएमूत याला ड्रेन म्हणतात. पाहुण्याची डिस्क म्हणजे आत एकमेकांना जोडलेल्या थरांचं जाळं असतं: वर वेगमर्यादा घालणारा थर, खाली क्यूकाऊ2, त्याखाली खरी फाइल, मागे जुन्या प्रतीची फाइल. यंत्र चालू असताना स्नॅपशॉट घ्यायचा म्हणजे या जाळ्यात नवा थर घालायचा, म्हणजे धावत्या मार्गाचे सांधे बदलायचे. आधी ड्रेन, मग बदल. त्या जाळ्यासाठी आता वेगळं कुलूपही आहे. जाळं नुसतं वाचणारे कितीही एकत्र आत राहू शकतात, पण बदलणारा एकच, तोही मुख्य थ्रेड, आणि तो आत असताना वाचणारं कुणी नाही.

तपासणारा इथे दोन गोष्टींकडे बघतो. ब्लॉक सुरू केला तितक्याच वेळा उठवला आहे का? सरळ वाटेवर तो उठवलेला असतोच. चूक बहुधा मधल्या अडचणीच्या वाटेवर असते, जिथे फाइल उघडली नाही म्हणून फंक्शन लवकर परत फिरतं आणि मार्ग कायमचा बंद राहतो. दुसरं, गाड्या थांबल्या, पण रुळावर फिरणारी दुरुस्तीची ट्रॉली? डिस्कची प्रत करणारं मागचं कामही ब्लॉकच्या काळात थांबायला हवं.

8. कुलूप निघालं तेव्हा

एवढी तयारी झाल्यावर एआयओ-कॉन्टेक्स्ट लॉकची वेळ भरली. एका डिस्कच्या मागण्या अनेक थ्रेडना वाटून द्यायच्या होत्या आणि हे कुलूप त्या सगळ्यांना पुन्हा एका रांगेत उभं करत होतं. डिसेंबर 2023 मध्ये स्टीफन हायनोत्सी यांच्या पॅचमालिका तपासून क्यूएमूत दाखल झाल्या आणि एप्रिल 2024च्या 9.0 या आवृत्तीत ते कुलूप उरलं नाही.

त्यांचा क्रम मुद्दाम बघावा असा आहे. आधी कपाटं शोधली गेली. डिस्क भरल्यासारख्या कारणाने अडलेल्या मागण्यांची एक यादी असते; यंत्र पुन्हा सुरू झालं की त्या परत पाठवायच्या असतात. त्या यादीला स्वतःचं छोटं कुलूप मिळालं. स्कझी या प्रकारच्या डिस्कच्या रद्द-करा, पूर्ववत-करा अशा खास आज्ञांची यादी मुख्य थ्रेड आणि डिस्कचा थ्रेड दोघं हाताळतात. तिलाही वेगळं कुलूप मिळालं. स्कझीच्या चालू मागण्यांच्या यादीला मात्र कुलूप दिलंच नाही. यंत्र चालू असताना ती यादी एकाच थ्रेडने हाताळायची असं ठरलं. वही एकाच्याच टेबलावर राहणार असेल तर कुलूप कशाला? हा मार्ग शक्य असेल तिथे सगळ्यात उत्तम, कारण पुढच्या वाचणाऱ्याला तो एका वाक्यात सांगता येतो.

त्यानंतरच्या पॅचने कुलूप लावणारं आणि काढणारं फंक्शन आतून रिकामं केलं. त्याला हाक मारणाऱ्या शेकडो जागा तशाच राहिल्या, फक्त हाकेने आता काही घडत नव्हतं. वागणूक बदलणारा बदल असा काही ओळींत मावला. पुढे कुठे गोंधळ निघालाच, तर इतिहासात मागे जाऊन नेमक्या त्या ओळींवर बोट ठेवता आलं असतं. मग त्या रिकाम्या हाका काढणारे लांबलचक पॅच आले. ते वाचायला कंटाळवाणे, पण वागणुकीत फरक न करणारे. तपासणाऱ्याने आपली शक्ती कुठे खर्च करायची हे त्या मांडणीनेच त्याला सांगितलं.

सगळ्यात शेवटी आले फक्त टिपा काढणारे पॅच. 'हे फंक्शन बोलावताना एआयओ-कॉन्टेक्स्ट लॉक घेतलेलं असावं' अशा ओळी कोडमध्ये जागोजागी पसरलेल्या होत्या. त्या शोधून खोडल्या गेल्या, आणि चालणाऱ्या कोडची एकही ओळ न बदलणारे हे पॅचही बाकीच्यांसारखेच तपासून मगच आत घेतले गेले.